भाकडांचा हिशेब

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमधल्या अनेक कचेऱ्यांत, शाळांत आणि वाचनालयांत दाराजवळ एक पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला दिसे. खोक्यावर कुत्र्याचे किंवा मांजराचे चित्र आणि आत लोकांनी टाकलेली प्रिंटरची रिकामी कार्ट्रिजे. खोका भरला की कुणी स्वयंसेवक तो उचलून नेई आणि रिकामी कार्ट्रिजे विकत घेणाऱ्या कंपनीकडे पाठवी. कंपनी नगामागे काही पेन्स देई, एखाद्या चांगल्या नगाला एक-दोन पाउंडही. त्या पैशातून टाकून दिलेल्या जनावरांचे औषधपाणी चाले. मोठ्या प्राणिसंस्था हे करत, तशीच एकेका जातीच्या कुत्र्यांसाठी घरगुती पातळीवर काम करणारी छोटी मंडळेही करत.

ज्या जातींसाठी अशी मंडळे उभी राहिली, त्यांपैकी एक म्हणजे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. लांब रेशमी कान, मोठे काळेभोर डोळे, वजन पाच ते आठ किलो. कुत्र्यांच्या वर्गवारीत त्याची गणना ‘टॉय’ गटात होते. राखणीची किंवा शिकारीची अपेक्षा त्याच्याकडून कुणी करत नाही. माणसाच्या मांडीवर बसणे हेच त्याचे काम, आणि ते तो मनापासून करतो.

दूध देणे थांबलेल्या गाईला आपण भाकड म्हणतो. शाई संपलेले कार्ट्रिज आणि आणखी पिल्ले देऊ न शकणारी कुत्री, या खोक्याभोवती अशी दोन भाकडे एकत्र आली होती. एका भाकडाच्या मोलावर दुसऱ्याचा दवाखाना चालत होता. वरवर हा निव्वळ योगायोग दिसतो. पण दोन्हींचा इतिहास शेजारी ठेवून वाचला, तर एकच प्रश्न दोन्हीकडे उभा राहतो. वस्तू असो वा जीव, तो घडवणाऱ्याची जबाबदारी विक्रीच्या क्षणी संपते का?

आधी कुत्र्याकडे पाहू. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या तीन थोरल्या मुलांचे चित्र व्हॅन डाइकने १६३५च्या सुमारास काढले. त्यात मुलांच्या पायाशी छोटे स्पॅनियल आहेत. त्या मुलांमधला एक पुढे दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला आणि त्याच्या कुत्र्यांच्या वेडाची चर्चा दरबारात होऊ लागली. सॅम्युअल पेपिसने १६६७ सालच्या आपल्या रोजनिशीत तक्रार नोंदवली आहे, की बैठक चालू असताना राजाचे लक्ष कारभारात नव्हते, तो कुत्र्याशीच खेळत होता. या राजाने आपल्या लाडक्या स्पॅनियलांना पार्लमेंटसह सर्वत्र प्रवेश देणारा कायदा केला, अशी दंतकथा आजही सांगितली जाते. तसा कायदा मात्र कुठे आढळत नाही.

पुढच्या दोनशे वर्षांत हा कुत्रा श्रीमंतांच्या घरांत राहिला. राणी व्हिक्टोरियाचा ‘डॅश’ याच कुळातला. १८३८ साली राज्याभिषेक आटोपून आल्यावर तरुण राणीने त्याला स्वतः आंघोळ घातली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण व्हिक्टोरियाच्याच काळात आवडनिवड बदलत गेली. चपट्या नाकाचे, घुमटासारख्या डोक्याचे छोटे कुत्रे लोकांना भावू लागले. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, १८९१ साली क्रफ्ट्सचे पहिले प्रदर्शन भरले आणि कुत्र्याचे रूप ठरवणे ही एक स्पर्धा झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘किंग चार्ल्स स्पॅनियल’ या नावाने जो कुत्रा बक्षिसे मिळवत होता, त्याचे नाक जवळजवळ चेहऱ्यात बुडाले होते. व्हॅन डाइकच्या चित्रातला लांब नाकाचा कुत्रा दिसेनासा झाला होता.

तो परत आणण्याचे वेड एका अमेरिकन माणसाने घेतले. रॉसवेल एल्ड्रिज इंग्लंडला जुन्या वळणाचा स्पॅनियल शोधत आला आणि त्याला सगळीकडे चपट्या नाकाचेच कुत्रे दिसले. १९२६ साली त्याने क्रफ्ट्समध्ये बक्षीस जाहीर केले. दुसऱ्या चार्ल्सच्या काळातल्या चित्रांत दिसतो तसा, लांब नाकाचा आणि सपाट कवटीचा कुत्रा किंवा कुत्री जो आणेल, त्याला २५ पाउंड. नामवंत पैदासदार हसले, कारण वर्षानुवर्षे नाक आखूड करण्यात त्यांनी कसब पणाला लावले होते. तरी काही जणांनी आपल्या घरातली ‘बिघडलेली’, म्हणजे नाक लांबच राहिलेली, पिल्ले बाहेर काढली. १९२८ साली ‘ॲन्स सन’ नावाच्या कुत्र्याने बक्षीस मिळवले. ते पाहायला एल्ड्रिज उरला नव्हता, त्याआधीच त्याचे निधन झाले होते. त्याच प्रदर्शनाच्या वेळी या जातीचा स्वतंत्र क्लब स्थापन झाला. अमिस पिट या बाईंनी त्याची धुरा पुढे अनेक वर्षे वाहिली. जातीचे मानक लिहिताना ॲन्स सन समोर उभा होता आणि टेबलावर जुन्या चित्रांच्या प्रती होत्या.

हा तपशील महत्त्वाचा आहे. चित्रावरून प्राणी घडवला गेला. नाकाची लांबी, कानांची ठेवण, डोळ्यांचा आकार, रंगांचे ठिपके हे सारे चित्रात दिसते. हृदयाची झडप दिसत नाही. कवटीच्या मागच्या भागात लहान मेंदूला पुरेशी जागा आहे की नाही, हेही दिसत नाही. शिवाय मूळ जनावरे मोजकीच होती. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली आणि आधीच थोडी असलेली पैदासघरे आणखी रोडावली. १९४५ साली केनेल क्लबने कॅव्हेलियरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, तेव्हा पुढच्या हजारो कुत्र्यांचे पूर्वज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्या रक्तात जे होते ते सर्वांच्या वाट्याला आले. चांगला स्वभाव आला, तसा दोषही आला.

१९७३ साली एका कॅव्हेलियरने क्रफ्ट्सचे सर्वोच्च बक्षीस जिंकले आणि मागणी वाढली. मागणीची भीती बाळगणारे लोकही होते. अमेरिकेत १९५४पासून या जातीचा एक क्लब होता आणि त्याने अमेरिकन केनेल क्लबची मान्यता जाणूनबुजून टाळली होती. मान्यता मिळाली की जात लोकप्रिय होईल, मग पिल्लांचे कारखाने तिच्यावर झडप घालतील, असे सभासदांना वाटत होते. १९९०च्या दशकात विचारणा झाली तेव्हा त्यांनी मोठ्या बहुमताने नकार दिला. मग थोड्या लोकांनी वेगळा क्लब काढला आणि १९९५ साली मान्यता मिळवलीही. कॅव्हेलियर अमेरिकेतल्या लोकप्रिय जातींत जाऊन बसला.

या कुत्र्याबरोबर राहणे म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. तो सावलीसारखा मागे फिरतो. स्वयंपाकघरात पायांत येतो, न्हाणीघराच्या दाराशी वाट पाहतो, परक्या माणसावरही भुंकायचे विसरतो. म्हाताऱ्या माणसांना, एकट्या राहणाऱ्यांना, आजारी मुलांना त्याचा आधार वाटतो तो उगीच नाही. पण चौथ्या-पाचव्या वर्षी डॉक्टर छातीला नळी लावतात आणि थोडा वेळ गप्प राहतात. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप सैल होऊन रक्त उलटे झिरपण्याचा विकार या जातीत इतका आहे, की पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक कुत्र्यांत आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सर्वांत त्याची कुरकुर ऐकू येते. मग घराला एक नवा नेम लागतो. सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायची आणि रात्री कुत्रा झोपला की हातात घड्याळ घेऊन त्याचे श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या आत असले तर झोपायला हरकत नाही. सतत वर जाऊ लागले तर दवाखाना गाठायचा.

दुसरा विकार अधिक क्रूर आहे. कवटीची मागची बाजू मेंदूला अपुरी पडते, पाठीच्या कण्यातल्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत पोकळ्या तयार होतात. मानेला पट्टा लागला तरी कुत्रा कळवळतो. चालता चालता थांबून तो मागच्या पायाने खांद्याजवळची हवाच खाजवतो, पाय अंगाला लागतही नाही. पाहणाऱ्यांना गंमत वाटते. लक्षणे दिसत नसलेल्या ५५५ कॅव्हेलियरांची एमआरआय तपासणी करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभराच्या कुत्र्यांपैकी पाव हिश्श्यात आणि सहा वर्षांवरील कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांत अशा पोकळ्या होत्या. त्याआधी, ऑगस्ट २००८मध्ये, बीबीसीवरच्या ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ या माहितीपटाने हे दुखणे घराघरांत दाखवले होते. त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले.

असा कुत्रा सांभाळणे खर्चिक असते. काही घरांना ते झेपत नाही आणि कुत्रा बचाव मंडळाच्या दारी येतो. पैदासघरातून बाद झालेल्या कुत्र्याही तिथेच येतात. मंडळाला पैसा लागतो, म्हणून दाराशी तो खोका.

आता खोक्यात जे पडत होते त्याचा इतिहास पाहू. मराठीतला ‘काडतूस’ आणि इंग्रजीतला ‘कार्ट्रिज’ हे एकाच कुळातले शब्द. बंदुकीची दारू ज्या कागदी गुंडाळीत भरत, तिच्यावरून ते आले. काडतूस एकदा उडाले की संपले. प्रिंटर बनवणाऱ्यांनी हा शब्द उचलला, तेव्हा एकदा वापरून फेकण्याची कल्पनाही बरोबर आली.

१९७७ साली कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत डाखणीचे तापलेले टोक चुकून शाईच्या सुईला लागले आणि शाईचा थेंब उडाला. उष्णतेने शाई फवारण्याच्या तंत्राची सुरुवात कॅनन या प्रसंगापासून सांगते. अमेरिकेत एचपीचे तंत्रज्ञही थोड्याच काळात स्वतंत्रपणे त्याच वाटेवर आले. फवारणारा भाग लवकर खराब होई. त्यावर १९८४च्या ‘थिंकजेट’मध्ये तोड निघाली ती अशी, की फवारणारे यंत्रच शाईच्या डबीला जोडायचे आणि शाई संपली की दोन्ही फेकायचे. त्याच वर्षी आलेल्या ‘लेझरजेट’मध्ये कॅननचे कार्ट्रिज होते. पूड, ड्रम आणि इतर झिजणारे भाग एका खोक्यात, सुमारे ३,००० पाने छापली की सगळेच बाद. ग्राहकाला दुरुस्तीवाला बोलवायची गरज उरली नाही. कंपनीला मात्र कायमचे गिऱ्हाईक मिळाले. पुढे यंत्र स्वस्त आणि शाई महाग हा रिवाजच पडला.

फेकलेल्या त्या डबीत चालू स्थितीतले यंत्र होते, हे छोट्या कारागिरांच्या लवकरच लक्षात आले. अमेरिकेत १९८०च्या दशकातच लोक कार्ट्रिजला भोक पाडत, आत पूड ओतत, भोक बुजवत आणि निम्म्या किमतीला विकत. त्यातून नूतनीकरणाचा मोठा धंदा उभा राहिला. त्याला कच्चा माल म्हणून रिकामी कार्ट्रिजे हवी होती आणि म्हणून रिकाम्यालाही भाव आला. कॅननने १९९० साली आणि एचपीने १९९१ साली रिकामी परत घेण्याच्या योजना काढल्या. त्यात पर्यावरणाची काळजी होती, तसाच माल कारागिरांच्या हाती न जाण्याचा लाभही होता. लेक्समार्कने तर सुमारे वीस टक्के सवलत देऊन अट घातली, की कार्ट्रिज एकदाच वापरायचे आणि आम्हालाच परत द्यायचे. अट पाळली जावी म्हणून आत चिप बसवली. चिपची नक्कल करणाऱ्यांशी ती कोर्टात भांडली. कारागिरांविरुद्धच्या दुसऱ्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी निकाल दिला, की वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. घेणाऱ्याने ती पुन्हा भरावी की विकावी, हा त्याचा प्रश्न.

स्वयंसेवकांना या धंद्याचा एक नियम लवकर शिकावा लागे. भाव मिळे तो मूळ कंपनीच्या, एकदाच वापरलेल्या कार्ट्रिजला. आधी एकदा भरलेले किंवा दुसऱ्या कुणी बनवलेले नग बाजूला काढून टाकावे लागत. खोक्यात ज्याची वंशावळ शुद्ध, तेवढेच खपे. शुद्ध वंशावळीच्या हट्टापायी आजारी पडलेल्या कुत्र्यांसाठी काम करणारे लोक संध्याकाळी टेबलावर कार्ट्रिजे पसरून त्यांचेही कूळ तपासत बसत. उरलेल्यांचे काय होई, हे त्यांच्या हाती नव्हते. २००२ साली बासेल ॲक्शन नेटवर्क आणि एका सहकारी संस्थेने चीनमधल्या गुईयू गावचा अहवाल प्रसिद्ध केला. तिथे मजूर कार्ट्रिजे फोडून उरलेली पूड ब्रशने झाडत होते, तोंडावर कापडाची पट्टीही नव्हती.

पुढच्या वर्षी युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचा निर्देश काढला. वस्तूच्या शेवटाचा खर्च ती बनवणाऱ्याने उचलावा, हे तत्त्व त्यात होते. वस्तू पुन्हा वापरता येऊ नये म्हणून मुद्दाम युक्त्या करू नयेत, असेही कलम होते. शाईच्या डबीला हा न्याय २००३ साली मिळाला. कुत्र्याला बराच उशीर लागला.

२०१३ साली वेल्समधल्या एका पैदासघरातून ‘लूसी’ नावाची कॅव्हेलियर कुत्री सोडवण्यात आली. पाच वर्षांच्या आसपासची असावी. वेतामागून वेत घेतल्याने आणि अरुंद पिंजऱ्यातल्या कोंडीने तिचा कणा वाकला होता, कमरेचे सांधे आखडले होते, अंगावरचे केस गेले होते. तिला पिल्ले होणे थांबले, म्हणून ती बाहेर येऊ शकली. एका घराने तिला दत्तक घेतले. २०१६च्या अखेरीस ती गेली. मार्क अब्राहम या पशुवैद्याने चालवलेल्या मोहिमेला तिचे नाव मिळाले आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये ‘लूसीचा कायदा’ लागू झाला. सहा महिन्यांखालील पिल्लू आता दलालाकडून किंवा दुकानातून विकता येत नाही. घेणाऱ्याने ते आईजवळ, जिथे जन्मले तिथे पाहायचे. पिल्लाच्या गोंडस चेहऱ्यामागे एक भाकड होत चाललेली आई आहे, हे गिऱ्हाइकाच्या नजरेला यावे, एवढेच त्या कायद्याचे म्हणणे.

नॉर्वेने पुढचे पाऊल टाकले. तिथल्या प्राणिसंरक्षण संस्थेने पैदासदारांवर आणि त्यांच्या संघटनांवर खटला भरला. ३१ जानेवारी २०२२ रोजी ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने कॅव्हेलियरची पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली आणि दुसऱ्या जातींशी गंभीरपणे, शास्त्रशुद्ध संकर करण्याची वाट मोकळी ठेवली. ऑक्टोबर २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही कॅव्हेलियरबाबतचा निर्णय कायम ठेवला. तिथे पाळण्यावर बंदी नाही, घरात आहेत त्या कुत्र्यांना धक्का नाही. दुखणे ठाऊक असताना तसाच जीव पुन्हा घडवू नका, असे न्यायालयाने घडवणाऱ्यांना सांगितले.

आपल्याकडे दोन्ही गोष्टी अनोळखी नाहीत. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड इथे सिरिंजने शाई भरून देणाऱ्यांनी कितीतरी विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि छोट्या वकिलांचे अर्ज परवडणाऱ्या दरात छापून दिले. काळी झालेली बोटे ही त्यांच्या धंद्याची खूण. कुत्र्यांत आधी पामेरियन आला. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर त्याची जागा ठरली. मग २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग मुलाच्या मागे चालू लागला आणि आपल्या उन्हाळ्यात धापा टाकणारे पग शहरोशहरी दिसू लागले.

कायद्यांचा क्रमही तसाच लागला. २०११च्या ई-कचरा नियमांतच प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचे नाव घालून उत्पादकावर जबाबदारी टाकली गेली. विक्रीसाठी परदेशी कुत्रे आयात करण्यावर बंदी आली ती एप्रिल २०१६मध्ये आणि कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे नियम आले मे २०१७मध्ये. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, अठरा महिन्यांखालील कुत्रीला वेतासाठी वापरू नये, असे त्यात लिहिले आहे. नियम चांगले आहेत. त्यांची आठवण पिल्लू घेताना किती जणांना होते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

ब्रिटनमधले ते खोके आता फारसे दिसत नाहीत. स्वस्त नकली कार्ट्रिजे आली, मग शाईच्या टाकीचे प्रिंटर आले, लोकांनी कागदावर छापणेच कमी केले. रिकाम्याचा भाव उतरला. बचाव मंडळांकडे येणारे कुत्रे मात्र कमी झाले नाहीत, म्हणून त्यांनी जुने कपडे आणि पुस्तके गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या कष्टांविषयी आदरच वाटतो. पण ज्याने घडवले त्याचे बिल त्रयस्थाने खोका फिरवून भरावे, ही व्यवस्था नव्हे. शाईच्या डबीबाबत जगाने हे मान्य केले, तिला तर दुखतही नाही. रात्री दिवा मंद करून, झोपलेल्या कुत्र्याच्या बरगड्यांवर नजर ठेवून कुणीतरी श्वास मोजत बसलेले असते. एकोणतीस आले की तेवढ्यापुरते बरे वाटते.